अंशतः

मंगळवारच्या ओपीडीत, वेंगुर्ल्याला,
टेबलापलीकडून मी उलटा वाचला माझा कागद:
आजाराची जाणीव. पूर्ण, अंशतः, नाही.
तीन चौकोन. खूण मधल्यात.

शाळा सातवीत सुटली, तरी शब्द कळला.
ताटात भाकरीचा कोर उरतो, तसं काहीतरी.

त्याआधी आईने देवळात कौल लावला होता.
गुरवाने ओल्या कळ्या पाषाणाला चिकटवून विचारलं,
भायरचा आसा, काय घरातला?
उजवी पडली नाही. डावी पडली नाही.
पंख्याच्या वाऱ्याने तिथेच सुकल्या.
देवानेही बहुधा मधल्याच चौकोनात खूण केली.

मला मात्र काहीच झालं नव्हतं.
काजूच्या फॅक्टरीत माझ्या टेबलाखाली बसून
कोणीतरी माझे गर मोजायचा, मोठ्याने,
आणि नेहमी दोन कमी सांगायचा.
बाकीच्या बायका ऐकून न ऐकल्यासारख्या करत.
त्या लबाड, एवढाच अर्थ निघत होता.
माका काय एक झाला नाय, मी सांगितलं
आईला, गुरवाला, रिक्षावाल्याला,
आणि रत्नागिरीच्या वॉर्डात अकरा दिवस
समोर येणाऱ्या प्रत्येक ताटाला.

बाराव्या दिवशी शेजारच्या खाटेवरची म्हणाली,
होय म्हण गो, होय म्हटल्यार घराक सोडतत.
म्हटलं होय.
कागदावर मी सुधारले.
एसटीत खिडकीशी बसून हसले, कसं फसवलं!
सीटखालून तोही हसला.

नफीसा मुजावरने मला कधी विचारलं नाही
आजार आहे की नाही.
ती विचारायची, झोप जाते ना तुमची,
तिच्या आधी काय जातं?
तीन मंगळवार मला सांगता आलं नाही.
चौथ्याला आठवलं: वास.
अख्ख्या वाडीत सुके बांगडे पसरलेले
आणि मला कसलाच वास नाही.
मग मी टरफलांचे दहा-दहाचे ढीग लावते.
मग तो मोजू लागतो.
तिने ते माझ्याच शब्दांत लिहून घेतलं, बोलीसकट.

त्या रात्री मी झोपले नाही, पण ते आजारामुळे नव्हे.
नऊ वर्षं ज्यांच्याशी अबोला धरला
त्या बायका लबाड नव्हत्या.
चीक लागताना समजत नाही, साल निघताना समजतं.

आणि आता दुसरंच.
मुकादम किलोमागे शंभर ग्रॅम मारतो, हे मी सांगितलं
तर वहिनी विचारते, गोळी घेतलंस?
वाण्याच्या काट्यावर मी स्वतः वजन केलंय, वहिनी.
गोळीही घेतलीय.
माझं सगळंच खरं मधल्या चौकोनात टाकू नका.

बाप्पा केळुसकरच्या कागदावर मात्र ‘नाही’.
समुद्रातून त्याला सरकारी हुकूम येतात, आजही.
इंजेक्शन तो घेतो कारण नंतर केळं मिळतं
आणि बाकावर गप्पा मारायला आम्ही असतो.
होड्यांना रंग लावतो, घरी पैसे देतो,
त्याची रेघ माझ्या रेघेपेक्षा सरळ येते.
म्हणून जाणिवेचा तोरा मी मिरवत नाही.
मला उपयोगी पडली, एवढंच.

गेल्या गुरुवारी चहा ओतताना आल्याचा वास आला नाही.
गुरुवारी ओपीडी नसते.
तरी गेले. कुलूप.
बिलाच्या पाठीवर लिहिलं: वास गेलो. प्रमिला आरोलकर.
दाराखालून सरकवलं.

परतताना बाजारात एक बांगडा उचलला,
नाकाशी धरला, उलटा केला, पुन्हा धरला.
विकणारी चिडली, ताजो आसा गो, कितके बघतस?

मासो ताजोच आसा, मी म्हटलं.
मी माझा बघतंय.